पाणी उभं राहीपर्यंत

देवगड बंदरावर, सोसायटीच्या लिलाव-शेडात
मी एक पडदा लावून दिलाय.
दुपारी अडीचला त्यावर खांब वाढू लागतात:
बांगडा निळा, तारली करडी, म्हाकूल जांभळं,
सुरमईला चेअरमन कुबलांनी हट्टाने सोनेरी मागून घेतला.
शेवटचा खांब थांबला की घंटा,
घंटा झाली की पहिली बोली.
एवढंच काम. त्यातही हजार रुपये कमी करून घेतलेलं.

खांब वाढवणारी लायब्ररी आयती घेतली.
आई म्हणते, पुस्तकं नाहीत ती कसली गो लायब्ररी?
ती निघताना सांगते: निघाले.
पोचल्यावर काहीच नाही.
दोन रात्री तिची पानं चाळली,
सुरुवातीला कान लावायला जागा आहे,
शेवटाला नुसती भिंत.

मग केलं सगळे करतात ते.
खांबाला लागतो पाऊण सेकंद, आपण मोजावा एक
आणि वाजवावी घंटा.
घरच्या लॅपटॉपवर नेमकी वाजली.
शेडातला कॉम्प्युटर खारा वारा खाऊन म्हातारा झालेला,
त्यात वीज गेली,
सुरमई अर्ध्यावर असतानाच घंटा खणाणली.
जुलेखाबी मुकादमांनी आवक थोडी बघून चढी बोली लावली,
बोली तोंडातून सुटली
आणि सोनेरी खांब सावकाश वर गेला,
अजून वर.
कोणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत.
"पोरी, तुझी घंटा लबाड हाय."

संध्याकाळी जेटीच्या पायरीवर बसले होते.
खाली भालू तारी दोर धरून उभे,
भरतीवर होडी वर घ्यायची होती.
विचारलं, भरती संपली कशी कळते? घड्याळ बघून?
"वेळ कॅलेंडरात असता. पाणी कॅलेंडर वाचना नाय.
ता रेघ बघ धोंड्यावरची.
एका लाटेक भुलू नको.
तीन लाटो एकाच रेघेर थांबल्यो
की पाणी उभा रवला म्हणायचा."

त्या रात्री लायब्ररीला विचारणं सोडलं.
पडदा जितक्यांदा नव्याने रंगेल
तितक्यांदा खांबाची उंची मोजायची,
मागच्या उंचीशी ताडून बघायची.
बदलली, तर अजून चालू.
तेवढीच, तर एक.
पुन्हा तेवढीच, दोन.
तिसऱ्यांदाही तेवढीच, तर थांबला म्हणायचं.
म्हणायचंच फक्त, खात्री कोण देतं.
टोकाशी येताना खांब इतका मंदावतो
की सुरुवातीला मीही फसले.

मधेच एखादी होडी लागली, आकडा बदलला,
की खांब अर्ध्या वाटेतून पुन्हा चढू लागतो,
मोजणी परत एकपासून.
आणि ज्या दिवशी म्हाकूल आलंच नाही
त्या दिवशी त्याचा खांब हलतच नाही;
न निघालेल्याला पोचलेला समजून
माझी मोजणी तीनवर जाऊन मोकळी.
त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागली:
आधी हलला होता का, ते बघ.
शून्य असेल तर त्याची वाट बघू नकोस.
ती ओळ लिहून थोडा वेळ नुसतीच बसले.

बाबा जेवताना कधी 'पुरे' म्हणाले नाहीत.
आई डाव हातात धरून त्यांच्या बोटांकडे बघायची;
बोटं भातावरून दोनदा नुसती फिरली
की टोप झाकायची.
हे कोड लिहिताना आठवलं नव्हतं,
आज ताट धुताना आठवलं.

काल घंटा अर्धा श्वास उशिरा वाजली.
जुलेखाबींनी आधी खांबाकडे बघितलं,
बराच वेळ,
मग माझ्याकडे,
आणि दोन रुपये कमीच बोलल्या.